भाराभर चिंध्या नव्हेत!

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. मुलाने पेटीबरोबर व्हायोलिनही शिकायचे म्हटले, की घरातील वडीलधारे ती त्याला ऐकवतात. संगीतावर लिहिणारे जाणकारही, भाषा थोडी सुसंस्कृत करून, तेच म्हणतात. ट्रंपेट म्हटले की लुई आर्मस्ट्राँग, सॅक्सोफोन म्हटले की कोलमन हॉकिन्स किंवा चार्ली पार्कर, अशी एकेका वाद्याला एकेक सिंहासन देण्याची प्रथा जॅझच्या इतिहासात पडली आहे. या दरबारात ही दोन्ही वाद्ये वाजवणाऱ्या बेनी कार्टर यांना मान मिळतो. आसन मात्र मिळत नाही. या प्रथेला आमचा स्पष्ट विरोध आहे.

प्रथम, या दोन वाद्यांना हाताळणे म्हणजे काय ते समजून घेऊ. लग्नाच्या बँडमधील सॅक्सोफोनवाला क्लॅरिनेटही वाजवताना आपण पाहतो. त्यात नवल कमी, कारण दोन्ही वाद्यांत फुंकरीने पत्ती थरथरते. ट्रंपेटला पत्तीच नाही. तेथे धातूच्या वाटीला टेकवलेले वादकाचे ओठच थरथरतात. कळा तीनच, त्यामुळे कोणता स्वर निघणार हे बोटांइतकेच ओठांच्या ताणावर ठरते. तो ताण राखण्यासाठी नित्य रियाज लागतो. सॅक्सोफोनसाठी ओठांना एक वळण लावायचे आणि ट्रंपेटसाठी दुसरेच. हा हौशी माणसाचा चाळा नव्हे.

१९०७ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या कार्टर यांचे पहिले प्रेम ट्रंपेटच. बबर माइली या वादकाने भारावलेल्या या मुलाने पैसे साठवून ते वाद्य विकत घेतले. दोन-तीन दिवसांत ते वाजेना, तेव्हा दुकानात परत देऊन त्याने बदल्यात सॅक्सोफोन आणला. आपल्या म्हणीचे पाईक येथे समाधानाने मान डोलावतील. पण तो मुलगा मोठेपणी त्याच वाद्याकडे परतला आणि ते त्याने साध्य केले. १९३९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मोर दॅन यू नो’ या गीतातील त्यांचे ट्रंपेटवादन ऐकावे. स्वर भरदार, वाक्ये लांब आणि कोठेही आरडाओरडा नाही. आल्टो सॅक्सोफोनवर तर जॉनी हॉजेस यांच्या बरोबरीने १९३० च्या दशकातील वादकांना वळण लावणारे ते होते.

परंतु आमचा मुद्दा दोन्ही वाद्ये उत्तम वाजवली एवढाच नाही. कार्टर यांची खरी थोरवी वाद्यवृंदासाठी केलेल्या स्वररचनेत आहे, आणि दोन वाद्यांचा संसार तेथेच फळाला आला असे आम्ही मानतो. जो स्वतः ट्रंपेट फुंकतो, त्याला कोठे श्वास संपतो आणि कोठे ओठ थकतात हे कागदावर लिहितानाही कळते. १९३५ ते १९३८ ते युरोपात होते. लंडनमध्ये बीबीसीच्या नृत्यवृंदासाठी त्यांनी रचना केल्या. १९३७ साली पॅरिसमध्ये हॉकिन्स यांच्या नेतृत्वाखाली दोन अमेरिकन व दोन फ्रेंच सॅक्सोफोनवादक एकत्र आले, तेव्हा ‘हनीसकल रोज’ आणि ‘क्रेझी रिदम’ यांची मांडणी कार्टर यांची होती. चार सॅक्सोफोन एकाच माणसाला त्याच क्षणी सुचल्यासारखे चालतात. १९६१ मध्ये ‘फर्दर डेफिनिशन्स’ या तबकडीसाठी त्यांनी ही दोन्ही गीते पुन्हा चार सॅक्सोफोनांवर बांधली. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकणाऱ्याला आमचे म्हणणे पटेल.

स्तुती आंधळी नसावी. कार्टर यांच्या ट्रंपेटला आर्मस्ट्राँगचा विस्तार नाही. त्यांच्या सॅक्सोफोनवरील काही वाक्ये इतकी घोटीव आहेत की ऐकणाऱ्याचे मन त्यावरून निसटून जाते. पार्करसारखा जिवाचा धोका ते पत्करत नाहीत. हे दोष आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण ‘दोन वाद्यांत लक्ष विभागले म्हणून उणे राहिले’ हे त्यांचे निदान आम्हांला मान्य नाही. तो संयम स्वभावाचा आहे आणि दोन्ही वाद्यांत सारखाच दिसतो.

आणखी एक आक्षेप थोडा सूक्ष्म आहे. कलावंताने जळून गेले पाहिजे, अशी एक भाबडी समजूत आहे. पार्कर १९५५ साली ३४ व्या वर्षी गेले. त्यांच्याभोवती दंतकथा जमली. कार्टर २००३ साली ९५ व्या वर्षी गेले आणि १९२० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत काम करत राहिले. त्यांची दंतकथा झाली नाही. पण या शांत माणसाने केलेली लढाई पाहा. लॉस एंजेलिसमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या संघटना वेगळ्या होत्या. त्या एक व्हाव्यात म्हणून झटणाऱ्यांत कार्टर पुढे होते आणि १९५३ साली त्या एक झाल्या. तरुण माइल्स डेव्हिस आणि मॅक्स रोच हे १९४० च्या दशकात त्यांच्याच वृंदात वाजवत होते. दीर्घकाळ नीट केलेल्या कामाला तेज नसते, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. कार्टर युरोपात गेले त्याच १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. अशा वृंदांकडून जॅझ उचलणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते आणि त्यांच्या वाद्यवादनावर पुढे हिंदी चित्रपटसंगीत उभे राहिले. त्या वादकांनाही आपण केवळ ‘बँडवाले’ म्हणून मोजले. एका माणसात किती विद्या नांदू शकतात, हे मोजण्याचे आपले माप तेव्हाही आखूड होते. ते माप आता तरी बदलावे. पुढच्या वेळी घरातील मुलाने दुसरे वाद्य मागितले, तर पालकांनी ती म्हण गिळावी आणि तो पहिल्या वाद्याचा रियाज रोज करतो का, एवढेच विचारावे.