मंगळवारचा फोन

आमच्या खटाव तालुक्यातल्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे एस-४०० चा पल्ला किती, राफेलला कुठलं क्षेपणास्त्र लागतं, हे चहाच्या टपरीवर मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा सांगतात. मी सिग्नल्सचा. गोव्यातल्या ट्रेनिंग सेंटरात घडलो आणि पुढची सगळी नोकरी केबल ओढण्यात नि एक्स्चेंज सांभाळण्यात गेली. इतरांना तोफ दिसते, मला तिच्यामागची वायर. म्हणून मला विचाराल, तर भारत-पाकिस्तानमधली सर्वांत मोलाची लष्करी सामग्री म्हणजे दोन्हीकडच्या डीजीएमओंना, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांना, जोडणारी हॉटलाइन.

१९७१ च्या युद्धानंतर ती सुरू झाली. दर मंगळवारी दोन्हीकडचे अधिकारी तिच्यावर बोलतात. प्रसंग बाका असला की खुद्द डीजीएमओ. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते. १० तारखेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला आणि ५ वाजल्यापासून मारा थांबवायचं ठरलं. संध्याकाळी टपरीवर एकानं विचारलं, "अप्पा, आपण फोन उचललाच कशाला?" माझं डोकं सणकलं. अरे, उचलायलाच तर तिथं माणूस बसवलाय!

१९८६-८७ च्या हिवाळ्यात आम्ही राजस्थानच्या वाळूत होतो. 'ब्रासटॅक्स' हा सराव आहे, असं आम्हाला सांगितलं होतं आणि तो सरावच होता. पण एवढी फौज नुसत्या सरावाला आली आहे, यावर पलीकडच्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आपल्या राखीव तुकड्या पुढे सरकवल्या, मग आपणही हललो. जानेवारीत युद्ध पेटतंय की काय, अशी वेळ आली. शेवटी दिल्लीत बोलणी झाली आणि फौजा मागे गेल्या. मोठ्या सरावाची आगाऊ सूचना एकमेकांना द्यायची, हा करार १९९१ चा. तो आधी असता तर आमचा तो हिवाळा बराच निवांत गेला असता.

स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये भारतानं संरक्षणावर सुमारे ८६ अब्ज डॉलर खर्च केले, पाकिस्ताननं सुमारे १०. आपल्याला चीनकडेही बघावं लागतं, तेव्हा शस्त्रं घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण शस्त्रं जितकी वेगवान, तितका विचाराला वेळ कमी. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, माणूस दगावला नाही, हे नशीब. आपलं जाहीर निवेदन ११ मार्चला आलं. ब्राह्मोसच्या वेगाला दोन दिवस म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

चाचणीआधी कळवण्याचा २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. आपलं ब्राह्मोस आणि त्यांचं बाबर ही क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात बसत नाहीत. ड्रोनचा तर तेव्हा विचारच नव्हता.

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात २६ जीव गेले, मारणाऱ्यांना पोसणाऱ्यांशी बोलायचं कसलं, असं लोक म्हणतात. राग खरा आहे, माझाही आहे. पण हॉटलाइन म्हणजे दोस्ती नव्हे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही फौजा सीमेवर खड्या असतानाही १ जानेवारी २००२ ला दोन्ही देशांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. या केंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा १९८८ चा करार आहे. २०२५ च्या १ जानेवारीला ती देवाणघेवाण सलग चौतिसाव्यांदा झाली. मुंबईवरचा हल्ला, पुलवामा, काही झालं तरी तिचं एकही वर्ष चुकलेलं नाही.

पण पहलगामनंतर, एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या उच्चायुक्तालयातले लष्करी सल्लागारही घरी पाठवले. समोर बसून बोलू शकेल असा वर्दीतला माणूस उरला नाही, म्हणजे सगळा भार त्या एका लाइनवर.

ब्राह्मोस प्रकरणात हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. ठीक झालं. अण्वस्त्रांच्या अपघातासाठी २००७ मध्ये करार झाला. तसंच क्रूझ आणि ड्रोनसाठीही ठरवा: चुकून काही सुटलं तर कोणी, कुणाला, किती मिनिटांत फोन करायचा. ते लिहायला एक पानही पुरेल.