सतराव्या वर्षी द्या शिष्यवृत्ती

आंतरराष्ट्रीय पदविकेचा विषय अमरावतीत किंवा अकोल्यात काढला की पहिलं वाक्य ठरलेलं येतं. ‘आपल्या पोट्ट्याइले काय करायचं ते? ते मुंबई-पुण्याच्या पैशेवाल्याइचं काम.’ असं बोलणारे बहुतेक जण पोरांच्या काळजीपोटीच बोलतात. ती काळजी खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या चुकीची किंमत दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या हुशार मुलांना मोजावी लागते, म्हणून तो खोडून काढणं भाग आहे.

आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असते ती आंतरराष्ट्रीय शाळा. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेल्या आयबी मंडळाची पदविका घ्यायची तर मान्यताप्राप्त शाळाच लागते. सहा विषय, ४५ पैकी गुण, चार हजार शब्दांचा निबंध असा तिचा व्याप, आणि वर्षाची फी लाखांत. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या बापाला ही वाट बंद आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण याच वर्गातली दुसरी एक पदविका आहे, तिच्याकडे आपलं लक्षच गेलेलं नाही. अमेरिकेतलं कॉलेज बोर्ड दरवर्षी मे महिन्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपीच्या परीक्षा घेतं. प्रत्येक विषयाला एक ते पाच गुण. ठरलेल्या गटांमधून पाच विषय निवडायचे आणि प्रत्येकात तीन किंवा अधिक गुण मिळवायचे, की ‘एपी इंटरनॅशनल डिप्लोमा’ मिळतो. परीक्षेला बसण्यासाठी तो विषय शाळेत शिकलेला असावाच लागतो असं नाही. सगळे पेपर एकाच वर्षी द्यावे लागत नाहीत, दोन-तीन वर्षांत वाटून देता येतात. आणि ही पदविका बारावीची जागा घेत नाही. अमरावती विभागीय मंडळाचं प्रमाणपत्र हातात राहतंच, ही त्याच्या जोडीला येते. म्हणजे मुलाला शाळा सोडायची नाही, गावही सोडायचं नाही.

‘बारावी पुरेशी आहे, वरून हे ओझं कशाला?’ हा दुसरा आक्षेप. माझा सगळ्यात तीव्र मतभेद इथे आहे. बारावीच्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार नाही, ती चांगली झाली आहेत. तक्रार आहे ती आपण मुलाला कोणता प्रश्न विचारतो याची. अपेक्षित प्रश्नसंच पाठ केला की निभावतं, हे मुलांना माहीत आहे आणि शिक्षकांनाही. आता एपीच्या जागतिक इतिहासाचा पेपर बघा. त्यातल्या एका प्रश्नात मुलापुढे सात कागद ठेवतात: कुणाचं पत्र, कुठला नकाशा, एखादा सरकारी अहवाल. ते वाचायचे, कुणी कोणत्या हेतूने लिहिलं असेल ते ओळखायचं, स्वतःचं म्हणणं ठरवायचं आणि ते पुराव्याने मांडायचं. सगळ्याला मिळून एक तास. शिवाय त्या सात कागदांबाहेरचा, स्वतःला ठाऊक असलेला पुरावा दिला तर त्याचा वेगळा गुण आहे.

त्या एका गुणासाठी वऱ्हाडाच्या मुलाजवळ किती साठा आहे! १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला अचानक जगाचा भाव आला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो याच कापसासाठी. शेत ज्वारीकडून कापसाकडे वळलं, आणि शतक संपता संपता दुष्काळांनी हाच मुलूख होरपळला. औद्योगिक क्रांती, साम्राज्य, बाजार आणि भूक यांचा जगाचा इतिहास अकोल्याच्या जिनिंगच्या आवारात उभा आहे. आपल्या मुलांना तो पाठ करण्यापुरताही कुणी सांगत नाही. पर्यावरणशास्त्राचंही तसंच. त्या पेपरात एखाद्या पाहणीची आखणी करायला सांगतात: काय मोजाल, कशाशी तुलना कराल, कोणती गोष्ट स्थिर ठेवाल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या पोराने विहिरीचं पाणी चाखून पाहिलेलं असतं. त्याला गरज आहे ती हे ज्ञान पद्धतशीर मांडायला शिकवणाऱ्याची.

‘परदेशी परीक्षा मातीपासून तोडते’ हा आक्षेप मला म्हणूनच उलटा वाटतो. त्याचा एक भाग मात्र खरा आहे, तो लपवू नये. एपीच्या भाषांच्या यादीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी, जपानी आहेत, लॅटिनसुद्धा आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. ही उणीव मोठी आहे आणि राज्य सरकारने ती कॉलेज बोर्डापुढे मांडायला हवी. पण मराठी बारावीला आहेच, ती कुणी काढून घेत नाही. आणि बाहेरचं शिकून माणूस तुटतो, हे वऱ्हाडात तरी कुणी म्हणू नये. १८९८ साली पापळसारख्या खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेत बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन परतले आणि अमरावतीत बहुजनांच्या पोरांसाठी शाळा-महाविद्यालयं उभी केली. पुढे दहा वर्षं ते देशाचे कृषिमंत्री होते.

राहिला नीटचा प्रश्न. वाशीम-बुलढाण्याची मुलं अकोल्यात खोल्या घेऊन राहतात ती त्याच परीक्षेसाठी. नीट मेच्या सुरुवातीला, एपीचे पेपरही मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत. ज्याला डॉक्टर व्हायचं आहे त्याने या वाटेला जाऊ नये, असंच मी सांगेन. पण प्रत्येक पोराला डॉक्टर व्हायचं असतं का? इतिहास, अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र यांत रमणाऱ्या मुलाला आपली गावं आज काहीही देत नाहीत. बाहेरची अनेक विद्यापीठं या गुणांची दखल घेतात, देशातली काही खाजगी विद्यापीठंही घेतात.

उरतो पैसा, आणि तोच खरा अडसर आहे. पाच पेपरांची फी चाळीस हजार रुपयांच्या पुढे जाते. मागच्या वर्षांचे दीर्घोत्तरी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, खान अकॅडमीचे धडेही फुकट आहेत. पण फी आणि प्रवास फुकट नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या तेरा शाळांपासून सुरुवात केली होती. सरकार बदललं आणि २०२० मध्ये ते मंडळ गुंडाळलं गेलं. त्याच्या कारभारात दोष असतील, तर ते दुरुस्त करायचे होते. मंडळच मोडल्याने गरिबाच्या पोरासाठी निघालेली एक वाट बुजली. मुंबई महापालिकेने मात्र आपल्या शाळांत केंब्रिज आणि आयबीचे वर्ग सुरू केले. मुंबईच्या पोराला जे मिळतं ते अचलपूरच्या पोराला का नाही?

पैसा नाही असं सरकारला म्हणता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी परदेशी पाठवणारी शिष्यवृत्ती आहे, आणि ती फार मोलाची आहे. पण ती हातात येईपर्यंत मुलाने पदवी घेतलेली असते, आणि चांगल्या इंग्रजीत स्वतःचं म्हणणं मांडायची सवय नसल्याने कित्येक जण अर्जापर्यंत पोचतच नाहीत. एका विद्यार्थ्याच्या परदेशातल्या एका वर्षाच्या खर्चात इथल्या कितीतरी मुलांची परीक्षा फी भरता येईल. ती शिष्यवृत्ती कमी करू नका, तिच्या आधीची एक पायरी बांधा.

ती पायरी अशी असावी. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने पुढाकार घेऊन अमरावतीत एपीचं परीक्षा केंद्र आणावं. बहुतेक पेपर आता संगणकावरच होतात, आणि संगणकाच्या प्रयोगशाळा इथे आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतून अकरावीला आलेल्या, ज्यांची इच्छा आहे अशा मुलांची फी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांनी भरावी, मेळघाटच्या आश्रमशाळांतली मुलं धरून. आणि अमरावती, अकोला या दोन्ही शहरांत आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांचे निबंध ओळ न् ओळ वाचणारे, खोडणारे, पुन्हा लिहून घेणारे शिक्षक मानधनावर नेमावेत. निवृत्त प्राध्यापकांची इथे वाण नाही. नावनोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, दिवाळीच्या सुमारासच संपते, तेव्हा निर्णय अकरावीचे प्रवेश होतात त्याच दिवसांत व्हायला हवा.