सांडपाण्याचा हिशेब

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने लोकांस सांगितले (लूक, अध्याय 14). घर बांधताना आपली ख्रिस्ती कुटुंबे हा उपदेश बहुधा पाळतात. चिरा, वाळू, कौले, सुताराची मजुरी हे सर्व वहीत मांडले जाते. मात्र न्हाणीचे व संडासाचे पाणी कोठे जावयाचे, ह्याची नोंद त्या वहीत क्वचितच आढळते.

2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास हे 275 लिटर होते. त्यातील सुमारे चार पंचमांश, म्हणजे 220 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. शंभर घरांच्या वाड्यात ते रोजचे 22,000 लिटर भरते. नळ दारी आला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याच्या पाठोपाठ हे दुसरे पाणीही आले आहे.

कोणी म्हणेल, सरकारने शहरासारखी भुयारी गटारे बांधून द्यावीत. पण अशा योजनेत मोठा खर्च पाणी शुद्ध करण्यापेक्षा ते वाहून नेण्याचा असतो. घरे विखुरलेली असली की दर घरामागे नळ अधिक लांब टाकावे लागतात. पुढे पंप, वीज व पगार हे दरमहाचे ओझे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 सालच्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, व प्रत्यक्ष शुद्धीकरण 20,235 दशलक्ष लिटरचेच होत होते. शहरांची ही स्थिती, तर खेड्यांनी किती वाट पाहावी?

विखुरलेल्या घरांना दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त पडतो. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा चालू करावा. पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षांत मातीसारखा होतो व शेतास खत म्हणून उपयोगी पडतो. वीज नको, गाडी नको. न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी मात्र त्यात सोडू नये. ते केळी, अळू व माडांना द्यावे.

सेप्टिक टँक बांधली म्हणजे काम संपले, हा समज चुकीचा आहे. तिच्यातून निघणारे पाणी शुद्ध नसते. त्यास शोषखड्डा हवा. तो न करता पाणी उघड्या गटारात सोडणारा आपले पैसे वाचवतो, आणि शेजाऱ्याची विहीर नासली की ते पैसे शेजारी औषधात भरतो. शेजारप्रीतीची आज्ञा इथेही लागू आहे. शिवाय दोन-तीन वर्षांनी टाकीतील गाळ काढावा लागतो. संरक्षक साधनांवाचून माणसास आत उतरवणे 2013 च्या कायद्याने मना आहे. यंत्राच्या गाडीचे भाडे म्हणूनच आधी वहीत लिहावे. ती गाडी गाळ कोठे ओतते हेही विचारावे. बेंगळुरूजवळील देवनहळ्ळी येथे भुयारी गटारे नसताना 2015 साली अशा गाळासाठी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. आपल्या तालुक्यातील गावांनी मिळून अशी मागणी का करू नये?

जेथे खडक लागतो किंवा पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येते, तेथे खड्डे विहिरींस बाधक ठरतात. अशा ठिकाणी काही घरांनी एकत्र येऊन सामाईक टाकी व लव्हाळ्यांचा खडीचा वाफा करावा. उतार मिळाल्यास त्यास वीज लागत नाही. पण देखरेख लागते, आणि देखरेख करणाऱ्यास वेतन लागते. ते दरमहा गोळा होणार नसेल तर बांधकामास हात घालू नये.

पुढील ग्रामसभेत सांडपाण्याची योजना मांडली गेली, तर तिची आजची किंमत जरूर विचारा. त्यासोबत दहाव्या वर्षी ती कोण चालवणार व पैसे कोठून येणार, हेही विचारा. आपल्या भगिनींनी हा प्रश्न प्रथम विचारावा, कारण विहिरीचे पाणी बिघडले की घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा बहुधा त्यांनाच करावी लागते.