मोर्स शिकताना वेगाचे उद्दिष्ट आड येते

सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘तार आली’ म्हटले की घरात सगळ्यांच्या काळजात धस्स व्हायचे, ते दिवस त्याच्या बरेच आधी सरले होते. तारेची टिंब-रेघांची भाषा, म्हणजे मोर्स, मात्र जिवंत आहे. परवाना घेऊन हौसेखातर बिनतारी संदेश पाठवणारे हॅम रेडिओवाले ती आजही रोज वापरतात. कारण व्यवहारी आहे. रेडिओवर बोलायला अडीच-तीन हजार हर्ट्झची जागा लागते, मोर्सला दीडशे हर्ट्झही पुरतात. त्यामुळे पाच वॅटच्या यंत्रावरून निघालेला क्षीण आवाजसुद्धा गोंगाटातून कानाला सापडतो.

आता ही विद्या बहुतेक ठिकाणी ऐच्छिक झाली आहे. लघुलहरींवर प्रक्षेपण करण्यासाठी असलेली मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये उठली. अमेरिकेने २००७ मध्ये परीक्षेतूनच ती काढली. भारतात जनरल श्रेणीच्या परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी वर्षानुवर्षे घेतली गेली; रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ती नव्हती. परीक्षेचा धाक नसताना कुणी पन्नाशीत-साठीत मोर्स शिकायला बसते, तेव्हा उद्दिष्ट त्याचे त्यालाच ठरवावे लागते. बहुतेकांचे उद्दिष्ट एकाच साच्याचे असते : दसऱ्यापर्यंत १० शब्द, पाडव्यापर्यंत २०. पहिले दोन महिने झपाट्याने जातात, मग गाडी १० शब्दांच्या आसपास अडते. आठवड्यामागून आठवडे आकडा हलत नाही आणि ‘आता वय झाले’ असे म्हणत मोर्सची की कपाटात जाते. यात दोष वयाला देण्याआधी उद्दिष्टाकडे पाहायला हवे.

वेग मोजायला ‘PARIS’ हा शब्द धरतात. टिंबाचा काळ एक मात्रा धरला तर पुढच्या मोकळ्या जागेसह त्याच्या ५० मात्रा होतात. या हिशेबाने ८ शब्दांच्या वेगात एक टिंब १५० मिलिसेकंदांचे असते, २० शब्दांच्या वेगात ६० मिलिसेकंदांचे. पहिल्यात मनाला टिंबे मोजायला सवड मिळते, दुसऱ्यात ती मिळतच नाही. म्हणजे सावकाश शिकलेला माणूस नकळत मोजायला शिकतो. पुढे वेग वाढवताना त्याला कौशल्य सुधारायचे नसते, एक कौशल्य टाकून दुसरे घ्यायचे असते. परीक्षेपुरता किमान वेग हाच शिकवण्याचा वेग झाला, ही आपल्याकडची खरी चूक.

वृत्ते पाठ केलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. भुजंगप्रयात ऐकताना कुणी लघु-गुरू मोजत नाही. चाल कानात असते. योगायोग असा, की आपले आठ गण आणि मोर्समधली तीन चिन्हांची आठ अक्षरे तंतोतंत जुळतात. तीन लघूंचा न गण म्हणजे ‘एस’, तीन गुरूंचा म गण म्हणजे ‘ओ’. संकटाचा ‘एसओएस’ हा न-म-न झाला! (मोर्सची रेघ टिंबाच्या तिप्पट असते, आपला गुरू लघूच्या दुप्पट, एवढा फरक सोडून द्यावा.) गण ओळखता येणे वेगळे आणि कविता ऐकता येणे वेगळे, हे इथेही लागू आहे.

लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यावर सोपा तोडगा काढला. सुरुवातीलाच पूर्ण वेग ठेवायचा, पण अक्षरे दोनच. ती नव्वद टक्के अचूक येऊ लागली की तिसरे जोडायचे. यात वेग पहिल्या दिवसापासून तोच राहतो, वाढतो तो अक्षरांचा साठा. दुसऱ्या एका पद्धतीत, जिला फार्न्सवर्थचे नाव आहे, अक्षर वेगात वाजते आणि अक्षरांमधली जागा लांब ठेवतात. दोन्हींचा रोख एकच : अक्षराची चाल मोडू द्यायची नाही.

गाडी अडण्याचा हा प्रकारही नवा नाही. इंडियाना विद्यापीठात ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्रावर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठवण्याचे कौशल्य सहज वाढत जाते, ऐकून घेण्याचे मध्येच सपाट होते, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की या काळात अक्षरांची सवय मुरते आणि त्यानंतरच कान पूर्ण शब्द उचलू लागतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवण्याच्या पद्धतीवर काम केलेले फ्रेड केलर यांनी मात्र १९५८ मध्ये हे पठार अटळ असल्याबद्दलच शंका घेतली. हा वाद मिटो न मिटो, एक गोष्ट पक्की : आकडा हलत नसताना फक्त आकडाच पाहत बसणे हा सर्वांत निरुपयोगी उद्योग आहे.

उद्दिष्टांच्या मानसशास्त्रातही याला दुजोरा मिळतो. ठोस आणि अवघड उद्दिष्टाने काम सुधारते, हा एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांचा सिद्धांत व्यवस्थापनाच्या वर्गांत घोकून घेतला जातो. त्याला असलेली मर्यादा क्वचित सांगितली जाते. रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणाच्या नकली कामावर दाखवले, की शिकण्याच्या अगदी सुरुवातीला कामगिरीचा आकडा समोर ठेवला तर कामगिरी घसरू शकते. लक्ष आधीच अपुरे असते, त्यात आकड्याची काळजी वाटेकरी होते. मोर्स शिकणाऱ्याचे नेमके हेच होते. एक अक्षर निसटले, ते कोणते यावर मन अडकले, की पुढची चार गेलीच.

म्हणून सुरुवातीचे उद्दिष्ट कृतीचे असावे. या आठवड्यात दोन नवी अक्षरे. निसटलेले अक्षर सोडून पुढचे ऐकणे, कागदावर रिकामी जागा ठेवून. महिन्याभराने कागद बाजूला ठेवून ‘नेम’, ‘वेदर’, ‘अँटेना’ असे नेहमीचे शब्द डोक्यातच ऐकणे. वेगाचा आकडा या सगळ्यानंतर, पंधरवड्यातून एकदा पाहिला तरी चालेल.

वेळेचेही तसेच. बॅडली आणि लॉंगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवून पाहिले. दिवसाला एकच तास सराव करणाऱ्यांना, चार तास करणाऱ्यांपेक्षा, तेच कौशल्य मिळवायला एकूण कमी तास लागले. गंमत म्हणजे आपल्या प्रगतीवर सर्वांत नाराज हेच लोक होते, कारण दिवस जास्त लागत होते. रविवारी तीन तास एकदम बसणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. रोजची वीस मिनिटे बरी, दोन हप्त्यांत असली तर आणखी बरी.

सरावाचा अतिरेक हातालाही सोसत नाही. तारायंत्राची की दिवसभर दाबणाऱ्यांच्या हाताला पेटके यायचे. ब्रिटनमध्ये १९०८ साली तो नुकसानभरपाईस पात्र आजारांत धरला गेला. हौसेच्या सरावात वेळ तितकी येणार नाही, पण मनगट टेबलाच्या कडेवर दाबून, बोटे घट्ट आवळून तासभर की वाजवणे टाळावे. मुंग्या येऊ लागल्या तर त्या दिवशी फक्त ऐकावे. हेडफोनचा आवाजही कमी ठेवावा.

मोर्समुळे स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा अधूनमधून कानावर येतो. मोर्स शिकल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागात करड्या द्रव्याची घनता वाढल्याचे जर्मनीतल्या एका छोट्या अभ्यासात २०१० मध्ये आढळले, हे खरे. पण शिकलेल्या कामाशी संबंधित भाग बदलणे आणि आजार टळणे यांत मोठे अंतर आहे. औषध म्हणून मोर्स शिकणाऱ्याची निराशाच होईल. ज्येष्ठांच्या दृष्टीने खरी कमाई दुसरीच : समोर कुणीतरी असते.

ते कुणीतरी लवकर भेटावे, हेही उद्दिष्टात बसवायला हवे. सगळी अक्षरे येईपर्यंत थांबणारे आणि २० शब्द झाल्याशिवाय प्रक्षेपण करणार नाही म्हणणारे बहुधा कधीच करत नाहीत. पहिल्या संपर्कात लागते तरी काय? दोघांची संकेतनावे, आवाज कसा येतो त्याचा आकडा, नाव, गाव आणि शेवटी शुभेच्छांचा ७३. साशंक माणसाने ‘क्यूआरएस’ पाठवावे, म्हणजे ‘सावकाश पाठवा’. नवख्याच्या वेगाला उतरून उत्तर देण्याचा जुन्या हॅममंडळींचा शिरस्ता आहे, आणि तीस शब्दांचा माणूस आठ शब्दांवर येऊन नाव-गाव विचारतो तेव्हा त्यालाही त्यात कमीपणा वाटत नाही.