मोडत्या संसारांची वकिली

पुण्याच्या शिवाजीनगरातील अथवा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास जो जाईल, त्याला एक दृश्य हमखास दिसेल. काळ्या कोटातील वकील काखेत फायली आणि कानाला भ्रमणध्वनी लावून या दालनातून त्या दालनाकडे धावत असतो. एका ठिकाणी पुकारा झालेला, दुसरीकडे पुढची तारीख पडलेली. त्याच्यामागे माहेरची चार माणसे, समोरच्या बाकावर सासरची चार. कालपरवापर्यंत एकमेकांचे व्याही म्हणवणारे हे लोक परस्परांकडे पाहतसुद्धा नाहीत. वकिलाची मात्र दोन्ही बाजूंशी अडचण नसते. प्रतिपक्षाच्या वकिलाबरोबर त्याचा दुपारचा चहा ठरलेला असतो!

हे दृश्य दिसू नये, म्हणून तर संसदेने १९८४ साली कौटुंबिक न्यायालय कायदा केला. त्याच्या ९व्या कलमाने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि १३व्या कलमाने स्पष्ट केले की, वकील देण्याचा पक्षकाराला हक्क असणार नाही. गरज वाटल्यास न्यायालय कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलावील. घरातला तंटा घरासारख्या वातावरणात मिटावा, हा हेतू त्यामागे होता. महाराष्ट्रात १९८९ पासून ही न्यायालये सुरू झाली. पुढे काय झाले? वकिलाच्या परवानगीचा अर्ज हा निव्वळ उपचार बनला आणि ज्याला दाराबाहेर ठेवायचे होते, तोच दिवाणखान्यात येऊन बसला.

या व्यवसायाचे खरे स्वरूप न्यायालयात नव्हे, वकिलाच्या कार्यालयात कळते. संध्याकाळी तेथे येणारा पक्षकार संतापलेला असतो. त्याला अथवा तिला त्या क्षणी केवळ जिंकायचे असते. अशा वेळी समजुतीचे दोन शब्द सांगावेत, की कागद पुढे ओढून अर्ज लिहावा, याचा निर्णय वकिलाच्या हाती असतो. अर्जही एकच निघत नाही. घटस्फोटाचा दावा, हिंदू विवाह कायद्याच्या २४व्या कलमाखाली अंतरिम पोटगी, फौजदारी संहितेखालील पोटगी वेगळी, २००५ च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार वेगळी, आणि त्यावर गाजलेले ४९८-अ, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५व्या कलमात गेले आहे. यातील प्रत्येक तरतूद खऱ्या पीडितेसाठी केलेली आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु प्रत्येकीची फाइल निराळी, तारीख निराळी आणि फीसुद्धा निराळी! सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली प्रीती गुप्ता प्रकरणात वकीलवर्गाचेच कान उपटले. किरकोळ प्रसंग फुगवून तक्रारीत घालू नयेत, बहुसंख्य तक्रारी वकिलांच्या सल्ल्याने वा संमतीने दाखल होतात, कुटुंबजीवनाची वीण उसवू न देण्याची जबाबदारी त्यांचीही आहे, असे न्यायमूर्तींनी बजावले. त्यानंतर किती वकील संघटनांनी या परिच्छेदांवर चर्चासत्र घेतले?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घटस्फोटच नको, असे साऱ्या हिंदू समाजाने कधी म्हटले नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली, तर मुंबई प्रांतात १९४७ साली, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या आधीच, ही तरतूद झाली होती. रोज मार खाणाऱ्या मुलीला 'नांदून दाखव' म्हणून परत पाठवणे हा धर्म नव्हे, अधर्म आहे. तिच्या पाठीशी उभा राहणारा वकील समाजाचे कामच करतो. असे वकील आहेत. आलेल्या जोडप्याला आठ दिवस थांबायला सांगणारे, लिहून तयार असलेला अर्ज फाडणारे आणि त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणारेही आहेत. त्यांची नावे कोणी छापत नाही.

दोष एकट्या वकिलाचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. हिंजवडीला सदनिका, आईवडील साताऱ्याला, आणि सल्ला मिळतो तो फोनवर, बहुधा तेल ओतणारा. पूर्वी अशा वेळी एखादा मामा, एखादी आत्या जाऊन बसत असे. दोघांनाही चार शब्द सुनावून, जेवूनच परतत असे. एकत्र कुटुंब म्हणजे केवळ जाच, असे पुरोगामी मंडळी पन्नास वर्षे शिकवत राहिली आणि 'आपण कशाला मध्ये पडा' म्हणत वडीलधाऱ्यांनीही अंग काढून घेतले. मामाची ती रिकामी जागा वकिलाने घेतली. मामा फी घेत नव्हता, एवढाच फरक!

तेव्हा मागणी वकिलांकडे आहे आणि स्वतःकडेही. खटल्याच्या निकालावर फी ठरवणे, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे, यांना भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी बंदी आहे. पोटगीच्या तडजोडीत तो नियम पाळला जातो की नाही, हे वकील संघटनांनी तपासावे. १३व्या कलमाखाली परवानगी देताना न्यायालयाने कारण नोंदवावे. आणि कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्यांनी प्रत्येक वस्तीत दोन अनुभवी दांपत्ये अशी उभी करावीत की, वकालतनाम्यावर सही होण्यापूर्वी त्यांचे दार ठोठावता येईल.