फळ्यावरून पुसलेली तारीख



आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष येतो. भावोजी पाठवतात, न चुकता, अगदी चहाच्या आधी. परवा ७ मे होता. रवींद्रनाथांची जयंती आली, फोटोसकट. मी त्याच्याखाली दोन ओळी लिहिल्या : '७ मे १९०७, मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. ७ मे १९९१, वानखेडेवर मुंबई रणजीची फायनल दोन धावांनी हरली.'

पाच मिनिटांत पुतण्याचं उत्तर आलं. "काकू, हा काय दिनविशेष झाला? एक बंद पडलेली ट्राम आणि एक हरलेली मॅच!" पुढे हसण्याचे चार चेहरे.

आता पुतण्या माझा लाडका आहे, त्यामुळे ग्रुपवर भांडले नाही. इथे भांडते.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न मला नवा नाही. पस्तीस वर्षं शाळेत काढली. शाळेच्या दर्शनी भागात एक फळा असे. वर सुविचार, खाली दिनविशेष. लिहायची पाळी शिक्षकांवर आठवड्याने येई. माझं अक्षर बरं, त्यामुळे माझ्यावर जरा जास्तच वेळा. जयंती, पुण्यतिथी, लढाई, तह, पुन्हा जयंती... शेकडो दिवस मी हेच लिहिलं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हेही कबूल करते.

मग आला ३१ मार्च १९८९. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली, त्याला त्या दिवशी पंचवीस वर्षं होत होती. माझे वडील ट्रामवर कंडक्टर होते. त्या रात्री त्यांची ड्यूटी नव्हती, पण तेरा वर्षांच्या मला हाताला धरून ते नायगावहून दादर टी.टी.ला घेऊन गेले होते. ही गर्दी! माणसं दांड्याला लोंबकळत होती. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवत होता आणि ती थांबवतच नव्हता. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. वडील मात्र काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते बसवर गेले. त्यानंतर दरवर्षी ३१ मार्चला रात्री जेवण झालं की ते धुतलेला सदरा घालून टी.टी.पर्यंत चालत जात आणि परत येत. आई म्हणायची, "निघाले वर्षश्राद्धाला!"

तर १९८९ साली पाळी माझी होती. आदल्या दिवशी मी त्यांना सांगून आले होते, उद्या फळ्यावर लिहिणार म्हणून. लिहिलंही. पहिल्या तासानंतर बाहेर येऊन पाहते तर ओळ पुसलेली आणि तिथे दुसरी : 'डॉ. आनंदीबाई जोशी, जन्म ३१ मार्च १८६५'. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मुलांनी ट्रामकडून काय आदर्श घ्यायचा?"

आनंदीबाईंशी माझं भांडण असणं शक्यच नाही. कल्याणमध्ये जन्मलेली ती मुलगी अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली म्हणून माझ्यासारख्या किती जणी शाळेची पायरी चढल्या. पण फळा चांगला चार फुटांचा होता हो! आनंदीबाईंच्या शेजारी एका ट्रामला उभं राहायला जागा नव्हती?

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "लिहिलंस का गं?" मी म्हटलं, "हो, लिहिलं." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. ते त्या रात्री सदरा घालून जरा जास्तच ताठ चालले, असं आई म्हणाली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून पुतण्याला माझं उत्तर असं, की दिनविशेष म्हणजे फक्त आदर्शांची यादी हे ठरवलं कुणी? शहर काही दहा-वीस थोर माणसांनी चालवलेलं नाही. ते रोज सकाळी वेळेवर घंटा वाजवणाऱ्यांनी चालवलं. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी, ट्राम, बस आणि वीज पुरवणारी खासगी कंपनी महापालिकेच्या, म्हणजे आपल्या ताब्यात आली. यातली एक तरी तारीख तुम्हाला शाळेत कुणी सांगितली का? मीही नाही सांगितली, म्हणून विचारते.

दुसरा आक्षेप : हा सगळा आठवणींचा उमाळा आहे. ट्राम हळू जायची, रस्ता अडवायची, गेली ते बरंच झालं. मान्य! मला ट्राम परत नकोच आहे. आनंदीबाईंची जयंती करतो तेव्हा बोटीने अमेरिकेला जायचे दिवस परत यावेत म्हणून करतो का? तारीख जपायची ती हिशेब राहावा म्हणून. काय होतं, कुणी चालवलं, कधी गेलं. जाताना निरोप दिला की नुसतंच उचलून टाकलं.

आणि हिशेब नसला की काय होतं ते पाहिलंत ना? २०१७ साली फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले, तर सगळ्यांना केवढं नवल! जणू मोहेंजोदडो. अहो, त्या रुळांवरून प्रवास केलेली माणसं अजून रेशनच्या रांगेत उभी आहेत, त्यांना विचारायचं. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हेही किती जणांना ठाऊक आहे? रोज तोंडात नाव आहे, अर्थ गेला.

तिसरा आक्षेप हरलेल्या मॅचचा. इथे मात्र मला ह्यांची साक्ष काढावी लागेल. ७ मे १९९१ ला हे वानखेडेवर होते. हरयाणाने ठेवलेलं लक्ष्य ३५५. सचिन ९६ वर गेला. एका बाजूने पडझड आणि दुसऱ्या बाजूला वेंगसरकर नाबाद १३९. शेवटची जोडी खेळत होती, तीन धावा हव्या होत्या, आणि कुरुविला धावबाद. मुंबई ३५२. वेंगसरकर मैदानातच रडला. हे घरी आले ते हातपाय धुऊन गॅलरीत जाऊन बसले, जेवले नाहीत. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी ताट झाकून ठेवलं.

जिंकलेल्या दिवसांना कुणीही हार घालतं. २ एप्रिल २०११ आठवायला माझी गरज नाही. पण ज्या हरण्याने एका रात्रीत हजारो घरांत ताटं झाकून ठेवली गेली, तो दिवस शहराचा नाही तर कुणाचा? किंवा १० जानेवारी १९८५ घ्या. त्याच वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजच्या एका षटकात शास्त्रीने सहा षटकार मारले. 'मी होतो तिथे' म्हणणारे मला इतके भेटलेत की तेवढे लोक खरंच असते तर स्टेडियम पुरलं नसतं! म्हणजे माणसांना त्या दिवसाचा वाटा हवा असतो. जयंतीचा वाटा कोण मागतं? तिथे सुट्टी आहे का तेवढं विचारतात.

माझं म्हणणं खरं तर इथे आहे. थोरांच्या तारखा आपल्याला वरून मिळतात. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात आणि थोरांपेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असतात. संस्थांच्याही शताब्द्या होतात. ३ फेब्रुवारी २०२५ ला विजेच्या लोकलला शंभर वर्षं झाली, ती नीट साजरी झाली, आनंदच आहे. पण बायकांसाठी खास पूर्ण लोकल ५ मे १९९२ ला सुरू झाली, ती तारीख त्या गाडीत भाजी निवडत, डोहाळजेवणं करत प्रवास केलेल्या बायकांनी लक्षात ठेवायची की कुणी सर्क्युलर काढायची वाट बघायची?

लोक जमतात, जमत नाहीत असं नाही. १५ सप्टेंबर २०२३ ला डिझेलची शेवटची डबलडेकर अंधेरीत धावली, तेव्हा लोकांनी आपणहून तिला हारफुलांनी सजवलं. टीव्हीवर ते बघताना मला वडिलांचा धुतलेला सदरा आठवला. त्या हार घालणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, बसकडून काय आदर्श घेणार म्हणून.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. शाळेत अजून फळा असेल, तर दिनविशेषाखाली एक ओळ गावाची ठेवा. आपली नदी, आपला पूल, आपली तालीम, आपलं बंद पडलेलं थिएटर, आपली हरलेली मॅच. तारीख मात्र पडताळून लिहा, फॉरवर्डमधली उचलू नका (हे भावोजींसाठी!). आणि मुलांना घरी पाठवा, आजोबांना विचारून या म्हणून. उत्तर देताना आजोबा ताठ बसतात की नाही बघा.

वडिलांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुसलेल्या ओळीचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून ती ओळ आज इथे लिहिते, इथलं कुणी पुसणार नाही :

३१ मार्च १९६४. मुंबईची शेवटची ट्राम. बोरीबंदर ते दादर.

तुमच्या गावाची तारीख कुठली? जरूर कळवा. पुतण्या, तूसुद्धा.