तीन डाळी आणि एक नाणे

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याचे जाहीर केले. तेव्हापासून आमच्या परिचयातील घरांत दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘मुलांना आताच नवा टॅब घेऊन द्या, नाहीतर ती मागे पडतील.’ दुसरा, ‘पाढे गेले, आता अक्षरही जाणार.’

माझी नात यंदा तिसरीत आहे. एका रविवारी तिला घेऊन मी चिरंजीवांच्या दुकानात बसलो. गूगलने २०१७ साली ‘टीचेबल मशीन’ नावाचे एक विनामूल्य साधन उपलब्ध करून दिले आहे. संगणकाच्या कॅमेऱ्यापुढे वस्तू धरायच्या, प्रत्येकीला नाव द्यायचे, की ते त्या ओळखायला शिकते. आम्ही तूरडाळ, मूगडाळ आणि मसूरडाळ अशा तीन ताटल्या घेतल्या व प्रत्येकीची पन्नासेक छायाचित्रे टिपली. यंत्राने तिन्ही डाळी अचूक ओळखल्या. नात हरखून गेली.

सायंकाळी पिवळा दिवा लागला आणि तीच तूरडाळ यंत्राला मसूर वाटू लागली. सकाळच्या उजेडातलीच चित्रे आम्ही त्याला दाखवली होती ना! मग तिने खट्याळपणे रुपयाचे नाणे पुढे केले. यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, मूगडाळ; आणि तेही नव्वद टक्क्यांहून अधिक खात्रीने. ती पोट धरून हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, “आजोबा, याला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही का?”

आम्ही त्याला तीनच खाती उघडून दिली होती. शंभर टक्के त्या तिघांतच वाटून टाकणे त्याला भाग होते. नाणे कुठेतरी जमा करावेच लागले. तिने चौथे खाते उघडले, ‘यापैकी काही नाही’, आणि त्यात रिकामी ताटली, स्वतःचा तळहात व नाणे यांची चित्रे भरली. आठ वर्षांच्या मुलीला यापेक्षा अधिक काय शिकवायचे, हे मला तरी सुचत नाही.

तिच्या प्रश्नाने मला माझी एक जुनी चूक आठवली. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रे येऊ लागली. मी तेव्हा नवखा अधिकारी होतो. एका मुदतीच्या ठेवींचा व्याजदर मी चुकीचा भरला आणि छापील तक्त्याच्या देखणेपणावर विसंबून सही केली. एका कापड व्यापाऱ्याने पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने केलेला हिशेब माझ्यापुढे ठेवला, तेव्हा ते ध्यानात आले. यंत्राची बेरीज निर्दोष होती. सगळी खाती दुरुस्त करायला दोन रात्री लागल्या. त्या गृहस्थांनी तोंडी हिशेब केला नसता तर?

म्हणून पाढे हवेतच. आणि टॅबची घाई नको. प्रश्नाला उत्तर लिहून देणारी साधने वर्गात वापरण्यासाठी किमान तेरा वर्षे वय असावे, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. तिसरीतल्या मुलाला बटणे, नाणी, धान्य यांची वर्गवारी पुरते. त्यासाठी पडदाही लागत नाही. शाळेच्या पालकसभेत शुल्क विचारण्याआधी, हा विषय शिकवणाऱ्या बाईंना प्रशिक्षण कोणी आणि किती दिवस दिले, हे जरूर विचारावे.

एक गोष्ट मात्र आपल्या घरांपुरती. परवा आमच्या नात्यातल्या एका मुलाने बेरीज करून घेण्यासाठी दुकानाच्या उधारीच्या वहीचे पान मोबाइलवर टिपून अशाच एका साधनाकडे पाठवले. बेरीज बरोबर आली. पण पानावर अकरा गिऱ्हाइकांची नावे व बाकी होती, आणि ती पाठवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. त्याच्या वडिलांना ते पटवताना मला मुलाला पटवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

येत्या रविवारी नात हरभराडाळ आणणार आहे. तूरडाळीपासून ती वेगळी ओळखणे यंत्राला जमेल की नाही, याबाबत तिचे व तिच्या वडिलांचे अद्याप एकमत झालेले नाही.